घरी परतल्यावर लिहिलेल्या चार ओळी

गेल्या दोन अंकांत मी नुकत्याच पाहिलेल्या काही चित्रपटांविषयी चार-चार ओळींचे अभिप्राय लिहिले होते. त्यांवर अपेक्षेपेक्षा बरीच जास्त पत्रे आली. मी चित्रपटाचा अभ्यासक नाही. फोंड्यातील एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला, महिन्याला दोन-तीन चित्रपट पाहणारा आणि झोपण्यापूर्वी वहीत काही ओळी लिहून ठेवणारा प्रेक्षक आहे. त्याच नात्याने, जेवढे डोळ्यांनी पाहिले तेवढ्यावर उभे राहून, ही उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची गावे तेवढी दिली आहेत.

प्रश्न (पेडणे) : ‘दशावतार’ या चित्रपटाविषयी आपण ‘पूर्वार्ध घरी घेऊन आलो, उत्तरार्ध चित्रपटगृहातच राहिला’ एवढेच लिहिले. आमच्या घरातील तीन पिढ्या जत्रेतला दहीकाला, म्हणजे दशावतारी लोकनाट्य, पाहत आल्या आहेत. या चित्रपटाने त्या कलेला न्याय दिला की नाही, हे स्पष्टपणे सांगाल का?

उत्तर : आपला आग्रह रास्त आहे. मी निष्कर्ष दिला आणि कारण दिले नाही, आणि कारणाशिवाय दिलेले मत वाचकाच्या काही उपयोगाचे नसते.

सुबोध खानोलकर दिग्दर्शित हा चित्रपट सप्टेंबर २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. मी तो दुसऱ्या आठवड्यात म्हापशाला जाऊन पाहिला. बाबुली मेस्त्री हा कोकणातला वयोवृद्ध दशावतारी, त्याची नजर अधू होत चालली आहे, मुलाला वाटते की बापाने आता हे सारे थांबवावे, आणि बाबुलीचा पाय काही रंगमंचावरून निघत नाही. दिलीप प्रभावळकर यांचा जन्म १९४४ चा, म्हणजे हा चित्रपट आला तेव्हा त्यांनी ८१ वर्षे पूर्ण केली होती. त्यांचा बाबुली पाहताना मला लहानपणी जत्रेत पाहिलेला एक नट आठवला. देवळामागच्या पडवीत तो पेटाऱ्यावर बसून, हातातल्या आरशाच्या तुकड्यात बघत चेहऱ्यावर रंग चढवत होता. एका भुवईची रेघ पूर्ण झाली होती, दुसरी अजून रंगवायची होती, आणि तेवढ्यात त्याने पडवीतल्या मुलाकडे चहा मागितला तो राजाच्या आवाजात. माणूस नेमका कोणत्या क्षणी बदलतो, ते मी त्या रात्री अगदी दोन हातांवरून पाहिले होते. प्रभावळकरांच्या अभिनयात तो क्षण आहे. रंग चढला की बाबुलीची पाठ सरळ होते, रंग उतरला की तीच पाठ वाकते आणि हात आधार शोधू लागतात. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ असे आपल्याकडे दशावतारी नटाबद्दल म्हणतात. ते राजेपण आणि तो बोजा या दोन्ही गोष्टी एकाच देहात दाखवणे हे पूर्वार्धाचे मोठे यश आहे, आणि त्या अर्थाने कलेला नक्कीच न्याय मिळाला आहे.

उत्तरार्धात कथा सूडाकडे वळते आणि अवतार हे सूडाचे साधन होतात. चित्रपटाला वेग येतो, पण दहीकाल्याचे जे खरे मर्म आहे ते मागे पडते. आपण काला पाहिलेला असल्यामुळे आपल्याला हे सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगतो, की दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेले असते आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात, समोरच्याला पेचात टाकतात, पेटी आणि मृदंग त्यांच्या मागोमाग चालतात, आणि पहाटे तीन वाजता डुलक्या देणारा प्रेक्षक एखाद्या हजरजबाबी उत्तराने ताठ होऊन बसतो. अशी एखादी संपूर्ण जुगलबंदी पडद्यावर निवांतपणे पाहायला मिळावी, अशी माझी फार इच्छा होती. बाबुलीचे हात, पाय, डोळे मला भरपूर मिळाले, त्याची तत्काळ सुचणारी वाणी मात्र थोडीच मिळाली.

दुसरी गोष्ट खाणीची. चित्रपटातील संकट खाणीच्या रूपाने येते, आणि डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतील प्रेक्षकाला हा विषय कोणी समजावून सांगावा लागत नाही. शेतात उतरलेली लाल माती आणि रस्त्यावरून एकामागून एक जाणारे ट्रक त्याने पाहिलेले आहेत. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या, तेव्हा त्याच गावांतील घरांत चूल कशी पेटवायची हा प्रश्न उभा राहिला, तेही त्याने पाहिले आहे. कर्ज काढून ट्रक घेणारा माणूस आपलाच शेजारी होता आणि धुळीने खोकणारी म्हातारीही आपल्याच वाड्यावरची होती. चित्रपटात दुष्ट कोण आणि सुष्ट कोण हे पहिल्या नजरेतच कळते. ही वाटणी सूडकथेला सोयीची आहे, पण आपल्याला ठाऊक असलेले दुखणे तिच्यात मावत नाही. उत्तरार्ध मी घरी आणला नाही असे लिहिले, त्याचे कारण एवढेच. तरीही घरातील तरुण मुलांना हा चित्रपट अवश्य दाखवा, आणि त्यानंतरच्या जत्रेला त्यांना सोबत न्या.

प्रश्न (माशेल) : मी शास्त्रीय गायन शिकते. ‘द डिसायपल’ या मराठी चित्रपटाविषयी आपण पूर्वी ‘रेंगाळणारा’ असे लिहिले होते आणि गेल्या अंकात ‘पुन्हा पाहिला, मन हलले’ असे लिहिले. यातील खरे मत कोणते मानायचे?

उत्तर : दुसरे माना, आणि पहिले का चुकले तेही मला सविस्तर सांगू द्या, कारण ते चित्रपटापेक्षा माझ्या पाहण्याविषयी जास्त सांगते.

चैतन्य ताम्हाणे यांचा हा चित्रपट २०२० च्या व्हेनिस महोत्सवात दाखवला गेला, तेथे त्याला उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी तो नेटफ्लिक्सवर आला. पहिल्या वेळी मी तो फोनवर पाहिला, तोही फोंडा-पणजी बसमध्ये, चार दिवस तुकड्या-तुकड्यांनी, एका कानात यंत्र खुपसून. वाहकाला पैसे देताना थांबवला, कोणी ओळखीचे भेटले तेव्हा थांबवला, कुंभारजुव्याच्या फाट्याच्या आसपास आवाज खरखरला म्हणून थोडा पुढे ढकलला. अशा पाहण्यात संथ दृश्य हे केवळ वाट पाहण्यासारखे होते. मी घरी येऊन ‘रेंगाळणारा’ असा शब्द लिहिला आणि तो छापूनही आला, याचा मला आज खेद वाटतो.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री घरातले दिवे मालवून तो मी सलग पाहिला. शरद नेरुळकर हा तरुण गायक रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून दुचाकीने जातो आणि कानात ‘माई’ नावाच्या, जगापासून दूर राहिलेल्या एका थोर गायिकेची ध्वनिमुद्रित व्याख्याने ऐकत असतो. दृश्य संथ गतीचे आहे, मागे तानपुरा आहे, आणि माईंचा आवाज कठोर, स्थिर, तडजोड न करणारा आहे. तो आवाज ज्येष्ठ दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा. फोनवर मला हा रस्ता रिकामा वाटला होता. घरात फोनपेक्षा मोठ्या पडद्यासमोर, अंधारात बसल्यावर जाणवले, की साधना करणाऱ्याच्या आयुष्यातला हाच एकमेव वेळ असा आहे, जिथे त्याला आपण गायक आहोत याची खात्री वाटते. सकाळी मैफलीत बसला की ती खात्री जाते. ही दृश्ये लहान केली असती, तर पुढे त्याचा आवाज साथ देत नाही तेव्हा आपल्याला काय गमावले ते कळलेच नसते.

आपण गाणे शिकता म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. शरदची भूमिका करणारे आदित्य मोडक हे स्वतः गायक आहेत, आणि गुरुजींच्या भूमिकेतील अरुण द्रविड हे तर जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक, मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडे शिकलेले. मोगूबाई आपल्या सांगे तालुक्यातील कुर्डीच्या. पडद्यावर गुरू शिष्याला थांबवून एक जागा पुन्हा घ्यायला लावतो तेव्हा ती शिकवण नकली वाटत नाही, याचे कारण हे असावे, असे मला वाटते.

आणि ज्या गोष्टीने मी सर्वांत जास्त हललो ती वेगळीच आहे. आपल्याकडे गाण्याच्या गोष्टी सांगताना आपण केसरबाईंची, मोगूबाईंची, दीनानाथांची, अभिषेकीबुवांची गोष्ट सांगतो. शिखरावर पोहोचलेल्यांच्या या गोष्टी सांगताना आपला ऊर भरून येतो आणि तो यावाच. परंतु ज्यांनी तितकीच वर्षे तंबोऱ्यापुढे घालवली आणि ज्यांचे गाणे गावच्या भजनापलीकडे गेले नाही, त्यांच्याविषयी कोण बोलते? माझे मामा असे होते. सप्ताहात त्यांना पहाटेची पाळी मिळे, समोर दहा-बारा माणसे असत, आणि ते त्या दहा-बारा माणसांसाठी राग पूर्ण मांडत. शरदची गोष्ट पाहताना मला मामा समोर बसलेले दिसले. हा चित्रपट अपयशी माणसाची कीव करत नाही आणि त्याला खोटा दिलासाही देत नाही. आपण तो आपल्या गुरूंसोबत पाहावा, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न (मडगाव) : आपण चित्रपटांना तारे का देत नाही? वाचकाला लगेच कळते.

उत्तर : लगेच कळते हे खरे, पण काय कळते? ‘दशावतार’ला मी किती तारे द्यावेत? पूर्वार्धाला चार आणि उत्तरार्धाला दोन दिले तर सरासरी तीन येते, आणि त्या तीनमध्ये प्रभावळकरांची ताठ झालेली पाठ कुठेच दिसत नाही. म्हणून देत नाही.

प्रश्न (कुडचडे) : चांगला मराठी चित्रपट आला म्हणून जावे, तर दिवसाला एकच खेळ आणि तोही गैरसोयीच्या वेळी. पुढच्या आठवड्यात गेलो तर चित्रपट उतरलेला. आमच्यासारख्यांनी काय करावे?

उत्तर : हा अनुभव माझाही आहे. गेल्या वर्षी आम्ही चौघे तीस किलोमीटर गाडी चालवत एका बहुपडदा चित्रपटगृहात पोहोचलो, तर आमच्याखेरीज कोणीच तिकीट काढलेले नसल्यामुळे खेळ रद्द केल्याचे खिडकीवर सांगण्यात आले. पैसे परत मिळाले, पण चित्रपट आजतागायत पडद्यावर पाहता आला नाही.

यामागचा व्यवहार समजून घेतला तर थोडा उपाय करता येतो. प्रदर्शनाचा आठवडा शुक्रवारी सुरू होऊन गुरुवारी संपतो. पहिल्या तीन दिवसांत किती खुर्च्या भरल्या आणि सोमवारी गर्दी किती घसरली, हे पाहून पुढच्या आठवड्याचे खेळ वाटले जातात. त्यामुळे ‘चार जणांना विचारू, चांगला असेल तर पुढच्या रविवारी जाऊ’ हा आपला नेहमीचा विचार मराठी चित्रपटाला मारक ठरतो, कारण पुढचा रविवार त्याच्या वाट्याला येईलच असे नाही. ज्या दिग्दर्शकावर किंवा नटावर आपला विश्वास आहे त्याचा चित्रपट पहिल्या शनिवार-रविवारीच पाहावा. वीस-पंचवीस जणांचा गट असेल तर व्यवस्थापकाला आधी भेटावे. संध्याकाळचा खेळ मिळाल्याचा अनुभव माझ्या परिचयातील एका महिला मंडळाला आला आहे. पणजीत भरत आलेला गोवा मराठी चित्रपट महोत्सव आहे, तुमच्या कुडचड्यातच रवींद्र भवन आहे, तिथेही मागणी नोंदवता येते. मात्र हे सारे करूनही कधी कधी चित्रपट हातातून निसटतोच, आणि त्याचे वाईट वाटते, हे मान्य केले पाहिजे.

प्रश्न (साखळी) : माझी आई ७४ वर्षांची आहे. तिने कित्येक वर्षांत चित्रपटगृहात पाऊल टाकलेले नाही. आपल्या अलीकडच्या यादीतून तिच्यासाठी काय निवडाल?

उत्तर : ‘बाईपण भारी देवा’ आणि ‘लापता लेडीज’ ही दोन नावे सुचवतो. आता ते चित्रपटगृहात नाहीत, त्यामुळे घरीच पाहावे लागतील, पण घरी पाहतानाही चार बायकांना बोलवा.

केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ २०२३ च्या जूनअखेरीस आला. एकमेकींपासून दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात, एवढीच त्याची गोष्ट. माझे मत विचाराल तर काही प्रसंग गरजेपेक्षा जास्त समजावून सांगितलेले आहेत आणि अश्रूंसाठी संगीत फार आधीपासून तयारी करते. परंतु मी तो आमच्या वाड्यावरच्या नऊ बायकांसोबत पाहिला आणि तिथे जे घडले ते माझ्या मतापेक्षा मोठे होते. पडद्यावर खेळांचा सराव सुरू झाला तशा आमच्या रांगेतील दोन म्हाताऱ्या आपसात म्हणू लागल्या, की ही फुगडी आपल्यासारखी नव्हे, आपल्याकडे पाय असा पडतो. आपल्याकडे मंगळागौरीपेक्षा चवथीची फुगडी आणि पौषातला मांडावरचा धालो, म्हणजे बायकांचा गाण्या-नाचाचा खेळ, जास्त अंगवळणी पडलेला. परतताना त्यांनी गाडीत धालोची गाणी म्हटली. त्यांतल्या एकीने नवरा गेल्यापासून गाणे म्हटले नव्हते, हे मला नंतर समजले. अशा चित्रपटाला मी वहीत काय लिहू? ‘माझ्यासाठी साधारण, त्यांच्यासाठी आवश्यक’ असे लिहिले आणि आजही त्यातला एक शब्द बदलावासा वाटत नाही.

किरण राव यांचा ‘लापता लेडीज’ हिंदी आहे, आणि घुंगटामुळे रेल्वेत दोन नववधूंची अदलाबदल होते ही त्याची कल्पना आईंना सहज कळेल. त्यात फलाटावर चहाची टपरी चालवणाऱ्या मंजूमाईंची भूमिका छाया कदम यांनी केली आहे. त्या पडद्यावर आल्या की आईंना बोलायला नक्की काहीतरी सुचेल. आवाज फार मोठा ठेवू नका आणि मध्ये एकदा थांबवून चहा द्या. ज्या घाईने आपण सलग पाहतो ती घाई त्या वयात त्रासाची होते.

प्रश्न (केपे) : आपण गोव्यात राहून कोकणी चित्रपटांविषयी का लिहीत नाही?

उत्तर : लिहिले पाहिजे, आणि आजच सुरुवात करतो. लक्ष्मीकांत शेटगावकर यांचा ‘पलतडचो मुनिस’ मी नुकताच पुन्हा पाहिला. महाबळेश्वर सैल यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाला २००९ मध्ये टोरांटो येथे आंतरराष्ट्रीय समीक्षकांचा पुरस्कार मिळाला होता. जंगलात एकटा राहणारा विधुर वनरक्षक आणि रानात भटकणारी, मनाचा तोल गेलेली एक बाई यांची ही गोष्ट आहे. तिला घरात घेतल्यावर गाव त्याच्याशी कसे वागते, हे दिग्दर्शकाने आवाज न चढवता दाखवले आहे. त्या बाईच्या भूमिकेतील वीणा जामकर यांना आपण मराठीत पाहिलेले आहे. येथे त्यांच्या वाट्याला शब्द फार थोडे आहेत, आणि सुरुवातीला घाबरलेल्या जनावरासारखी असलेली तिची नजर हळूहळू माणसाच्या नजरेत कशी बदलते, ते पाहण्यासारखे आहे. मराठी वाचकाला यातली कोकणी समजायला काहीच अडचण येणार नाही. ज्यांना ती घरात ऐकू येते त्यांना तर भाषांतराच्या ओळींकडे पाहण्याची गरजही भासणार नाही.

प्रश्न (पणजी) : इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, दिवसांत माझे मित्र रोज चार-पाच चित्रपट पाहतात. मीही प्रयत्न केला, पण आठवड्यानंतर मला कोणत्या चित्रपटात काय होते ते आठवत नाही. काय चुकते?

उत्तर : डोळ्यांना तेवढे पेलत नाही. २००४ मध्ये हा महोत्सव गोव्यात आला तेव्हा मीही एका दिवसात पाच चित्रपट पाहिले होते, आणि त्यातला एकही आज मला धड सांगता येणार नाही. आता मी दिवसाला दोन पाहतो, फार तर तीन, आणि दोन खेळांच्या मध्ये मांडवीच्या काठाने चालून येतो. पहिला चित्रपट मनात बसायला तेवढा वेळ लागतो. २०२४ पासून फोंड्याच्या पडद्यावरही महोत्सवाचे खेळ झाले, त्यामुळे आमच्यासारख्यांची पणजीपर्यंतची धावपळ थोडी वाचली.

आणखी एक सूचना आहे. पुरस्कार मिळालेले चित्रपट पुरस्कारानंतर पाहण्यापेक्षा त्याआधी पाहावेत. २०२१ च्या महोत्सवात निखिल महाजन यांचा ‘गोदावरी’ मी पाहिला, तेव्हा त्याच्याविषयी मला काही ठाऊक नव्हते. नाशिकच्या नदीकाठी भाडेवसुली करत फिरणारा, घरावर आणि जगावर सतत चिडलेला तो माणूस मला पहिला अर्धा तास सहन झाला नाही. वहीत तसे लिहिले आहे : ‘याच्याजवळ बसवत नाही.’ त्याच्या रागाखाली काय आहे हे उलगडत गेले तसा मी खुर्चीत पुढे सरकत गेलो. पुढे जितेंद्र जोशी यांना त्याच भूमिकेसाठी महोत्सवाचा उत्कृष्ट अभिनेत्याचा रौप्य मयूर मिळाला. तो आधी जाहीर झाला असता, तर मी पहिल्या मिनिटापासून कौतुकाने बघितले असते आणि तो सहन न होणारा अर्धा तास माझ्याकडून हिरावला गेला असता. २०२५ मध्ये ‘गोंधळ’साठी संतोष डावखर यांना उत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला, तो चित्रपट मात्र मी नंतर पाहिला, आणि प्रत्येक दृश्यात ‘पुरस्कार कशाला मिळाला असेल’ हे शोधत बसलो. म्हणून त्याच्यावर अजून लिहिलेले नाही. पुन्हा पाहीन आणि मग लिहीन.

प्रश्न (वास्को) : अभिप्रायात शेवट सांगावा का?

उत्तर : नव्या चित्रपटाचा कदापि सांगू नये.

प्रश्न (डिचोली) : मी महाविद्यालयात शिकते. मलाही पाहिलेल्या चित्रपटांवर लहान अभिप्राय लिहायचे आहेत, पण ‘छान आहे’, ‘अभिनय सुंदर आहे’ यापुढे लेखणी जात नाही. आपण वहीत नेमके काय लिहिता?

उत्तर : तुमची अडचण मी तीस वर्षे वर्गात पाहिली आहे, आणि ती भाषेची अडचण नव्हे. ‘छान’ हा शब्द आपण निकाल म्हणून लिहितो आणि निकाल लिहिला की लिहिण्यासारखे काही उरत नाही. निकालाआधी काय पाहिले ते लिहून पाहा.

मी आधी तारीख, ठिकाण आणि सोबत कोण होते ते लिहितो. मग एकच वस्तू किंवा एकच हालचाल निवडतो, जी डोळे मिटल्यावर दिसते. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला २०२४ मध्ये कान येथे ग्रां प्री हा मोठा सन्मान मिळाला, त्यावर जगभर पुष्कळ लिहिले गेले, पण माझ्या वहीत सुरुवातीला लिहिले आहे : ‘भाताचा कुकर.’ मुंबईत परिचारिका असलेल्या प्रभाचा नवरा जर्मनीत आहे, त्याचा फोन येणे बंद झाले आहे, आणि एक दिवस घरी कुकर येऊन पडतो, सोबत चिठ्ठी नाही. रात्री ती जमिनीवर बसून त्या कुकरला मिठी मारते. एकदा ‘कुकर’ हा शब्द कागदावर आला, की तो कोणी पाठवला, का पाठवला, तिने त्याचे काय केले, असे प्रश्न आपोआप येतात आणि लेखणी चालू लागते. त्याच चित्रपटाचा उत्तरार्ध रत्नागिरीच्या किनाऱ्यावर घडतो. तिथली लाल वाट आणि समुद्र मला ओळखीचे वाटले आणि मुंबईतल्या गर्दीनंतर मला प्रत्यक्ष श्वास घेता आला, हेही मी लिहिले.

त्यानंतर मन कुठे भरकटले ते लिहितो. हे लिहायला धीर लागतो, विशेषतः चित्रपट नावाजलेला असेल तेव्हा. कंटाळा आला असेल तर कितव्या प्रसंगाला आला हे सांगावे. मग तो चित्रपटाचा दोष होता की आपल्या थकव्याचा, हे दुसऱ्या दिवशी तपासता येते. आणि शेवटी, सोबतच्या माणसाने काही म्हटले असेल, तर ते त्याचेच म्हणून लिहावे, आपले करून लिहू नये.

नमुना म्हणून ‘साबर बोंडं’ या चित्रपटावरची माझी नोंद जशीच्या तशी देतो. रोहन कानवडे यांच्या या चित्रपटाला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागातील सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळाला आणि सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला.

‘सप्टेंबर २०२५. पणजी, संध्याकाळचा खेळ, सोबत पत्नी. वडील गेल्यावर आनंद मुंबईहून आईसोबत गावी येतो; दहा दिवसांचे सुतक. नातेवाईक दुःखातही लग्नाचा विषय काढतात, हे अगदी आपल्या घरातले. बालपणीचा मित्र बाळ्या पुन्हा भेटतो आणि दोघांतले प्रेम फार हलक्या पावलांनी येते. साबराचे बोंड : काटे काढल्याशिवाय खाता न येणारे फळ, वाटेत कोणी विकत नाही, कोणीतरी आपल्यासाठी तोडून आणावे लागते. पहिली पंधरा मिनिटे मन लागले नाही, पुढच्या रांगेत फोन चमकत होता. नंतर शेतातील शांतता ऐकू येऊ लागली. आईला सारे ठाऊक आहे आणि ती मुलाला काही विचारत नाही, त्याच्या बाजूने उत्तरे मात्र देते. या विषयावरचा चित्रपट आपल्या गावात बसून बघताना अवघडल्यासारखे होईल असे वाटले होते. तसे झाले नाही, त्या दोघांची काळजी वाटत राहिली. परतताना फर्मागुढीच्या चढावर बस थांबली तेव्हा पत्नीने विचारले, की त्या आईला स्वतःच्या नवऱ्यासाठी रडायला वेळ कधी मिळाला असेल. हे मला सुचले नव्हते. तिचे म्हणून लिहून ठेवत आहे.’